मदत हवी आहे – आई-बाबा पहिल्यांदाच शिकागोला येतायत, अबू धाबीला विमान बदलायचंय

नमस्कार मंडळी, आई-बाबा पुढच्या महिन्यात मुंबई-अबू धाबी-शिकागो असे येतायत, सोबत कोणी नाही. बाबांना इंग्रजी बऱ्यापैकी येतं पण समोरचा भराभर बोलायला लागला की गडबडतात, आईचे गुडघे दुखतात म्हणून दोघांनाही व्हीलचेअर सांगून ठेवलीये.

मुख्य काळजी अबू धाबीची. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स विमानात बसायच्या आधीच उरकतात, प्रीक्लिअरन्स म्हणतात त्याला, म्हणजे शिकागोला उतरल्यावर डोमेस्टिकसारखं बॅगा घेऊन थेट बाहेर. सोय मस्तच आहे पण त्यासाठी परत सिक्युरिटी, परत रांग, बोटांचे ठसे, कोणाकडे जाताय, किती दिवस राहणार, सगळं तिथेच आणि मी जवळ नसणार. व्हीलचेअर ढकलणारा माणूस ऑफिसरच्या काउंटरपर्यंत थांबतो का, की मधेच कुठेतरी बसवून जातो? दोघांना एकत्र बोलावतात ना? नवीन टर्मिनल ए (२०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालं ते) मधून कोणाचे आई-वडील आले असतील तर प्लीज सविस्तर सांगा. बाबांसाठी माझा पत्ता, फोन, परतीची तारीख इंग्रजीत लिहून तो कागद पासपोर्टच्या कव्हरमधेच ठेवायला सांगितलाय.

दुसरं म्हणजे सामान. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही हे आईला कसंबसं पटलं, लोणचंही केबिन बॅगेत नको हे पटलं, पण खसखशीवर गाडी अडलीये. यूएईत खसखशीवर बंदी आहे, आणि बॅगा तिथून नुसत्या पुढच्या विमानात चढणार असल्या तरी या वयात त्यांना कोणी बाजूला घेऊन प्रश्न विचारावेत हे मला नकोय. अनारशांना तर एका बाजूला खसखस थापलेलीच असते, ते रद्द. पण गोडा मसाला? आई म्हणते दळल्यावर कोणाला कळतंय. मी बिनखसखशीचा करायला सांगितलाय, तुम्ही लोक काय करता? बाकी चकली, चिवडा, मेतकूट आहे, कस्टम्सने विचारलं तर खायचं सामान आहे असं सरळ सांगायचं हे दोघांना बजावलंय.

आणि हो, प्रीक्लिअरन्स झाल्यावर आत गेटपाशी काही खायला मिळतं का? बाबांना डायबिटीस आहे, मधे बराच वेळ उपाशी राहून चालत नाही.