विमान भरेल, पण गलाईवाल्यांच्या जोरावर

कोल्हापूरहून विमानाचं तिकीट स्वस्त केलं की सांगलीकर रांग लावतील, असं काहीजण म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. मुंबईसाठी रात्रीची स्लीपर बस सकाळी कामावर सोडते. दुपारच्या विमानासाठी आधी उजळाईवाडीचा कोल्हापूर विमानतळ गाठायचा, तेही पन्नासेक किलोमीटर, कोण करेल? मुंबईत सकाळचा स्लॉट, म्हणजे विमान उतरवायची वेळ, मिळाला तरच गंमत आहे.

खरं गिऱ्हाईक वेगळंच आहे. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे कारागीर, देशभर पसरलेत. सणाला, जत्रेला, लग्नाला त्यांना दोन-दोन दिवस रेल्वेत काढावे लागतात. त्यांना दक्षिणेत, उत्तरेत जोडणारं विमान द्या!

छोटी शहरं विमानानं जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेचं अनुदान तीनच वर्षांचं. त्यानंतरही सत्तर आसनांचं एटीआर जातीचं छोटं विमान हीच माणसं भरतील, असं मला मनापासून वाटतं.