शब्दचर्चा : हे चित्र 'अमूर्त' म्हणावं का?

भद्रावतीहून : माझी भाची चित्रं काढते. खाणीत गेलेल्या आमच्या वावराजवळची माती आणते, वस्त्रगाळ करते, डिंकाच्या पाण्यात कालवते आणि तोच रंग. चित्रात वर पिवळट मुरूम, मध्ये पांढुरका पट्टा, तळाशी काळी रेघ. झाड नाही, माणूस नाही. प्रदर्शनाच्या कार्डावर मी 'अमूर्त चित्रे' लिहिलं, तर आई म्हणते, "अमूर्त कायचं? आपलं वावर हाये ते. उलटं करून ठेवलं." काय लिहू?

नागपूरहून : 'अमूर्त' रूढ आहे, खुशाल लिहा. 'अप्रतिरूप' असाही शब्द आहे, पण तो जिभेवर बसत नाही. वासुदेव गायतोंडे (जन्म नागपूर, १९२४) आपल्या चित्रांना अमूर्त म्हणू देत नसत, 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत. म्हणजे कुरबूर जुनीच.

सावलीहून : गायतोंड्यांचं दुखणं वेगळं, ताई. त्यांना चित्रात वस्तू नकोच होती. इथं तर वस्तूच रंग झालीय. 'मूर्त' हे 'मूर्छ्' धातूवरून आलं, अर्थ घट्ट होणं, थिजून आकार धरणं. (मूर्च्छाही तिथलीच.) डिंकात थिजलेली माती अमूर्त कशी?

आणि आई शब्दशः बरोबर आहेत. उघड्या खाणीत कोळशावरची माती आधी उपसून बाजूला टाकतात. पहिल्यांदा निघते ती वरची कन्हार, म्हणजे काळी भारी माती, ती ढिगाच्या बुडाशी जाते. खोलातला मुरूम शेवटी येऊन माथ्यावर बसतो. वावर उलटंच होतं. कार्डावर मातीची नावं द्या की : कन्हार, मोरांड, खरडी, बरडी. नुसतं 'काळी माती' शहरातले म्हणतात.

नागपूरहून : 'काळी'ला नावं ठेवू नका, भाऊ. जुन्या व्यवहारात काळी म्हणजे कसायची जमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण. रंगाचा संबंध नंतर. तो पांढुरका पट्टा कशाचा, विचारलं का?

भद्रावतीहून : आज विचारलं. जुन्या घराच्या भिंतीची माती आहे. गाव उठलं तेव्हा आईनं डब्यात भरून आणली होती. तुळशीला घालीन म्हणाली, घातली नाही. पोरीनं न विचारता त्यातली अर्धी संपवली, म्हणून घरात दोन दिवस अबोला होता, हे मला आत्ता कळतंय!

'अमूर्त' खोडलं. 'काळी पांढरी' लिहितेय. मध्ये रेघ द्यायची का?

सावलीहून : द्वंद्व समास आहे, दिली तरी चालते. डबा मात्र लपवून ठेवा.