सिडियाला स्ट्रट बार: वेल्डचा घ्यावा की जोडाचा?

घाटवाट, गंगापूर रोड:
नमस्कार मंडळी. माझी 2008 ची मित्सुबिशी सिडिया आहे, 2 लिटर. बहुतेक रविवारी पहाटे वणीमार्गे सापुतारा. घाटातल्या वळणावर रस्ता खराब लागला की डॅशबोर्ड कुरकुरतो आणि गाडीचं नाक वळायला क्षणभर उशीर करतं. पुढे स्ट्रट बार बसवायचाय, म्हणजे बॉनेटखाली दोन्ही टॉवरना (पुढच्या स्प्रिंग-शॉकअपची वरची टोकं जिथे बसतात ते भाग) जोडणारा आडवा दांडा. एक अ‍ॅल्युमिनियमचा आहे, दोन्ही टोकांना बोल्टचा जोड. दुसरा लोखंडी, टॉवरवर बसणाऱ्या प्लेटलाच वेल्ड केलेला, दिसायला ओबडधोबड. कोणता घेऊ? मागेही लावू का?

अंबडचा पाना:
दादा, वेल्डवाला घ्या. दोन्ही टॉवर जागेवर धरायचे, एवढंच बारचं काम. जोडाचा बार ओढ-दाब सोसतो, पण टॉवर तिरका व्हायला लागला की बोल्टपाशी फिरतो.

त्याआधी लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, बघा. वळायला होणारा उशीर मला तिथलाच वाटतो. गेल्याच महिन्यात गॅरेजला एका गाडीचा बुश काढला, रबर बोटाने सोलून आलं. अशा गाडीला बार लावून काय उपयोग?

बसवताना गाडी सपाट फरशीवर, चारही चाकं टेकलेली. जॅकवर बसवलात तर गाडी उतरवल्यावर बार ताणात राहतो. एका वेळी एकच बाजू, आणि टॉवरवरचे कडेचे तीनच नट काढायचे. मधल्या नटाला पाना लावू नका, कळकळीने सांगतोय. दाबलेली स्प्रिंग त्याच नटाने धरलेली असते. प्लेट बसल्यावर स्टडचे (टॉवरमधून वर आलेल्या बोल्टचे) आटे नटाबाहेर दिसले पाहिजेत. सगळे नट आधी हाताने, मग टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमधल्या आकड्यावर.

शेवटी बारवर कणकेचे दोन-तीन गोळे ठेवा, बॉनेट अलगद लावून उघडा. गोळा पापडासारखा चपटा झाला तर बार बॉनेटला घासणार. इंजिन माउंटवर हलतं, तिथेही बोटभर फट हवी.

सिन्नरकर:
मागचा नंतर. आधी पुढचा लावून महिनाभर चालवा, टायरची हवा तीच ठेवा. दोन्ही एकदम लावलेत तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

घाटवाट:
आज गाडी वर घेतली. डावा बुश फाटलाय, टॉमीने (छोट्या पहारीने) आर्म सरकवला की भेग चांगली उघडते. दोन्ही बाजूंचे मागवले, बसले की अलाइनमेंट करतो. बार वेल्डवालाच, पण दिवाळीनंतर. पाना दादा, मधल्या नटाचं सांगितलंत, मनापासून आभार. मी तोच आधी सोडवणार होतो.