प्रोबेशन संपलंय का, ते आधी बघा

सुट्टीला म्हणून बडोद्याला यायचं आणि दुबईच्या शाळेतल्या शिक्षिकेच्या नोकरीवर परत जायचंच नाही, हा सल्ला मला नाही पटला, ताई. तिकडच्या २०२१ च्या कामगार कायद्यात नोटीस ३० ते ९० दिवसांची आहे. जेवढे दिवस बुडवाल, तेवढ्या दिवसांचा पगार भरून द्यायचा. ६० पैकी ४० दिवस शिकवलंत, तर २० दिवसांचा. प्रोबेशनमध्ये असाल आणि देशच सोडणार असाल, तर १४ दिवसांची लेखी नोटीस पुरते. तीही चुकवली तर वर्षभर तिथलं वर्क परमिट विसरा.

आमच्या वहिनीने बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी बसून व्हॉट्सअॅपवर राजीनामा धाडला होता (मी नको म्हणत होतो!). पगाराचं सोडा, अनुभवाच्या दाखल्यासाठी नाकी नऊ आले.