विषय: हरणाचं पोट साफ करायला हलकी सुरी

प्रेषक: जुळे सोलापूरची, मॅडिसन
११ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी,

आपल्या सोलापूरकर मंडळाच्या मेल-यादीवर विचारायला प्रश्न आडवळणाचा आहे, दिवाळीच्या फराळाशी त्याचा काही संबंध नाही. ऑफिसातल्या चौघांबरोबर यंदा पहिल्यांदाच हरणाच्या शिकारीला जाणार आहे. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचा कोर्स सक्तीचा असतो. तो झाला, लायसन्सही काढलं. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवसांचा सीझन असतो. बंदूक एकजण देणार आहे. सुरी मात्र म्हणे ज्याची त्याने आणायची.

गाडी लावतो तिथून दोनेक मैल आत चालायचंय. हरण पडलं की तिथेच त्याचं पोट उघडून आतडी-कोथळा बाहेर काढायचा, म्हणजे मांस लवकर थंड होतं. म्हणून हलकी सुरी हवी. तीन प्रकार बघून ठेवलेत: घडीची जाड पात्याची; सर्जनसारखी पाती बदलता येतात ती; आणि साधी, न मिटणारी, प्लॅस्टिकच्या मुठीची. शेवटची इतकी स्वस्त आहे की संशय येतो.

मी घरी कधी कोंबडीसुद्धा कापली नाही. आमच्याकडे मटण म्हणजे बाबा रविवारी सकाळी पिशवी घेऊन जायचे आणि तासाभराने परत यायचे. त्या तासाभरात काय होतं ते यंदा कळेलसं दिसतंय.

प्रेषक: अशोक चौकवाला, शिकागो
११ ऑक्टोबर

डोळे झाकून पाती बदलायची घे. मी दोन सीझन तीच वापरतोय. वजन नावाला, धार लावायची कटकट नाही, पातं बोथट झालं की नवीन चढवायचं. कातडं तर लोण्यासारखं निघतं. काका लोक म्हणतील, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. म्हणू देत.

प्रेषक: लष्करातला काका, सोलापूर
१३ ऑक्टोबर

पोरी,

यादीवरच्या नव्या लोकांसाठी आधी एक खुलासा. लष्कर हे आमच्या पेठेचं नाव आहे, मी फौजेत नव्हतो. मिलवॉकीत मशिन शॉपमध्ये बावीस वर्षं काढली, त्यातल्या चौदा वर्षांचे नोव्हेंबर हरणामागे. आता परत सोलापुरात आहे. यादीतून नाव काढायचं राहून गेलं, म्हणून तुझी मेल मिळाली. घर आमचं खाटकाचं. वडिलांचं दुकान पुतण्या बघतो.

तर खोक्यावर छापलेले ग्रॅम बघू नकोस. पात्याची पाठ किती जाड ते बघ.

तुझी मेल वाचून काल दुकानात गेलो आणि वडिलांची सुरी खाली उतरवली. अजून वापरात आहे. पाजवून पाजवून पातं मूळच्या निम्म्या रुंदीचं झालंय, लाकडी मूठ अंगठ्याच्या जागी खोलगट झालीय. दुकानातला काटा किलोचा, म्हणून शेजारच्या सोनाराकडे नेली. तो म्हणाला, "मामा, आटवायला आणली का?" भरली ८८ ग्रॅम. मग घरी येऊन पेटीतला व्हर्नियर लावला. मुठीपाशी पाठ दोन मिलिमीटरच्या जरा वर, टोकाकडे एकाच्याही आत. या सुरीने वडील सकाळी सहा वाजल्यापासून अकरापर्यंत बोकडं सोलायचे. हाडाला सत्तूर वेगळा. सुरीने हाड कधी तोडलं नाही आणि सत्तुराने कधी कातडं काढलं नाही.

तू ज्या स्वस्त सुरीवर संशय घेतेयस ती मोरा या स्वीडिश कंपनीचीच असणार. त्यांची कंपॅनियन म्हणून येते तिचं पातं १०४ मिलिमीटर, पाठ अडीच मिलिमीटर, वजन ८४ ग्रॅम. वडिलांच्या सुरीची सख्खी बहीणच म्हण. उलट बक कंपनीचा घडीचा ११० बघ. १९६४पासून लोक ती पट्ट्याला लावून फिरताहेत, चाकू चांगला, पण वजन दोनशे ग्रॅमच्या वर. सव्वाशे ग्रॅम जास्त झाले म्हणून दोन मैलांत पाय दुखत नाहीत, तो मुद्दाच नाही. हलकी सुरी म्हणजे कमी जोर मागणारी. जाड पाठीचं पातं पाचरीसारखं मांस फाकवत जातं, ते पुढे रेटावं लागतं. आणि रेटलेली सुरी नको तिथे शिरते.

हे मला कसं कळलं ते सांगतो. पहिल्या वर्षी शायनिंग मारायला महागातला घडीचा चाकू घेतला. बोटभर जाड पातं, पाठीला करवत, टोकाला उलटा आकडा. खाटकाच्या पोराने असला चाकू घ्यावा! रेटला, आणि कोथळ्यातच घुसला. अर्धवट चघळलेला मका आणि ओकची फळं सगळ्या मांसावर. वास असा की बरोबरचे दोघे वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन उभे राहिले. घरी येऊन बघतो तर बिजागरीत चरबी आणि केस गच्च. चाकू मिटेना. टूथब्रश आणि गरम पाणी घेऊन तासभर बसलो. रात्री वडिलांना फोन केला, तर ते एवढंच म्हणाले, "कोथळा फोडलास? दुकानात असं केलं असतंस तर घरी जेवायला मिळालं नसतं."

आता पातं धरायचं कसं. हरण पाठीवर पालथं, म्हणजे उताणं कर. (बघ, इतक्या वर्षांनी मराठीही बोथट होते.) छातीचं हाड संपतं तिथे चिमटीत कातडं उचलून छोटा काप घे. डाव्या हाताची दोन बोटं त्यात घालून फाकव, कातडं वर उचल, आतलं सगळं बोटांच्या पाठीने खाली दाब. सुरी त्या दोन बोटांच्या मधे, धार वर आभाळाकडे, आणि अशी ओटीपोटापर्यंत सरकव. धार वर असल्याने पातं कोथळ्याकडे बघतच नाही. शिवाय केस आतल्या बाजूने कापले जातात, म्हणून मांसावर पडत नाहीत आणि धारही जात नाही. हरणाचा केस पोकळ आणि राठ, बाहेरून कापलास तर दहा मिनिटांत सुरी बोथट.

पुढचं अवघड. छाती आणि पोट यांच्या मधला पडदा बरगडीलगत कापायचा आणि दोन्ही हात छातीत घालून गळ्याची नळी शोधायची. तिथे काही दिसत नाही. डाव्या हाताने नळी धरायची आणि उजव्या हातातली सुरी डाव्याच्याच पुढे चालवायची. शिकारीत लोक स्वतःचा हात कापून घेतात ते इथे. म्हणून पातं साधारण चार इंचांपेक्षा लांब नको, टोक फार अणकुचीदार नको, आणि पाठीवरून तर्जनी टोकापर्यंत पोचली पाहिजे. तर्जनी जिथे आहे तिथे टोक आहे, एवढं बोटाला कळलं की डोळे लागत नाहीत. वडील गिऱ्हाइकाशी गप्पा मारत, सुरीकडे न बघता हे करायचे.

अशोक चौकवाल्याला: तुझी पाती कातड्याला उत्तम, हे कबूल. पण सांध्यात पिळलं की कट्कन मोडतात, आणि तुकडा मांसात राहतो. रक्ताच्या, गारठलेल्या बोटांनी नवीन पातं चढवणं म्हणजे तर आपल्याच अंगठ्याशी वैर. आणि ऐक बे, कातडं सुरीने काढायचंच नसतं. सुरवात सुरीने, पुढे मुठीने ढकलायचं. अंग गरम असतानाच काढलं तर बोकडाचं कातडं बनियनसारखं उतरतं, हरणाचंही तसंच.

आणखी एक. आमच्याकडे काळजाला हात घालायच्या आधी पित्ताची पिशवी बघायची शिस्त आहे. ती फुटली की काळीज कडू. पहिल्या हरणाचं काळीज हातात घेऊन मी पाच मिनिटं पित्त शोधत बसलो. हरणाला ते नसतंच. शोधू नकोस.

मूठ भगवी किंवा पिवळी घे, हिरवी-काळी नको. कारण पाचोळ्यात शोधावं लागल्यावर कळेल.

प्रेषक: मंगळवार पेठ, टोरांटो
१४ ऑक्टोबर

क्षमस्व, पण मंडळाच्या यादीवर हे योग्य वाटत नाही. अनेकांची मुलंही या मेल वाचतात. सोलापूरजवळच्या नान्नजला मुलांना काळवीट दाखवायला नेणारे आपण, इथे येऊन हरणाचा कोथळा कसा काढावा यावर निबंध लिहितो?

प्रेषक: सचिव
१४ ऑक्टोबर

या धाग्याच्या विषयात कृपया "शिकार" हा शब्द घाला, ज्यांना नको त्यांना गाळता येईल. चर्चा बंद करण्याजोगं काही दिसत नाही. फराळाच्या ऑर्डरी रविवारपर्यंत.

प्रेषक: लष्करातला काका, सोलापूर
१५ ऑक्टोबर

टोरांटोच्या ताईंना,

नान्नजला मीही जातो, महिन्यातून एकदा तरी, पहाटे. अभयारण्य माळढोकासाठी, पण माळढोक दिसणं आता नशिबाची गोष्ट झाली. दिसतात ती काळविटं. त्यांच्यावर कुणी बंदूक रोखली तर पोलिसात जाणारा पहिला मी असेन. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी. विस्कॉन्सिनात सरकार स्वतः कोटा ठरवून लायसन्स देतं, त्याला मी काय करू? रविवारी मटण चालतं आणि सुरीचं नाव काढलं की विटाळ होतो, हे मात्र मला लहानपणापासून समजलेलं नाही. आमच्या दुकानात येणारे बरेचजण पाठ करून उभे राहायचे.

जुळे सोलापूरच्या पोरीने वेगळी मेल करून विचारलंय, इथल्या लोहाराकडून गाडीच्या कमानपाट्याची सुरी करून पाठवता का. नको. लोहार चांगला आहे, पाणी झकास देतो, पण ते पोलाद गंजणारं. आपल्या कोरड्या हवेत चालून जातं. तुझ्याकडे ओला बर्फ, त्यात रक्त खारट. संध्याकाळपर्यंत पात्यावर तांबेरा येईल. स्टेनलेस घे. धार घरीच पाजव, बारीक दगडावर, शांतपणे. फिरत्या चाकावर देऊ नकोस, चाकाने पातं तापतं आणि पाणी उतरतं. वडिलांच्या सुरीला आयुष्यात चाक लागलेलं नाही.

प्रेषक: डॉक्टर वहिनी, मिनियापोलिस
१६ ऑक्टोबर

काकांचं सगळं बरोबर, पण त्यांच्या बोकडांना नसलेली एक भानगड तिकडच्या हरणांत आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांना झिजवून मारणारा रोग. विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली सापडला. कारण जंतू नाही, बिघडलेलं प्रथिन, प्रायॉन. उकळून मरत नाही, डीपफ्रीझमध्ये ठेवूनही नाही. माणसाला झाल्याचं सिद्ध नाही, तरी बाधित हरण खाऊ नये असाच सल्ला आहे.

हातमोजे घाल. मेंदू आणि पाठीचा कणा कापू नकोस. राज्याचं खातं तपासणी फुकट करतं. नमुना दे आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये ठेव. सुरी आधी घासून पुसून स्वच्छ कर, कण राहता कामा नये, मग घरगुती ब्लीच चाळीस टक्के, बाकी पाणी, यात पाच मिनिटं बुडव. २०१९च्या एका अभ्यासात स्टेनलेसवरचा प्रायॉन एवढ्याने निकामी झाला. नंतर लगेच धू, ब्लीच पातं खातं. लाकडी मुठीच्या आत मुरलेल्याला हा उपाय नाही, आणि बिजागरीच्या चाकूला तर नाहीच. म्हणजे प्लॅस्टिकच्या मुठीची एकसंध सुरी. स्वयंपाकघरात ती आणू नकोस.

प्रेषक: जुळे सोलापूरची, मॅडिसन
२ डिसेंबर

मंडळी, हिशेब देते.

मोरा घेतली, भगव्या मुठीची. चौथ्या दिवशी सकाळी सव्वासातला एक मादी मिळाली. गोळी नीट लागली, फार लांब गेली नाही. त्यानंतर मी बहुधा पाच मिनिटं नुसती तिच्याशेजारी बसले होते. कुणी घाई केली नाही.

धार आभाळाकडे. हे मी मोठ्याने म्हणत होते, मराठीत. बरोबरचा एकजण विचारत होता, प्रार्थना आहे का? कोथळा फुटला नाही. तो एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं, आणि गरम. हातमोज्यातून बोटं शेकली, बाहेर उणे सहा असताना. पडद्यापर्यंत सगळं छान. छातीत हात घातल्यावर मात्र काकांचं वाक्य आठवून तर्जनी पाठीवर इतकी घट्ट दाबली की दोन दिवस नखाखाली दुखत होतं. नळी तिसऱ्या प्रयत्नात कापली गेली. पाऊण तास लागला. बरोबरच्यांना दहा मिनिटं लागतात.

काका, पित्त खरंच नव्हतं. आमच्यातल्या चौघांपैकी कुणालाच हे माहीत नव्हतं, आणि त्यातला एक तीस वर्षं शिकार करतोय. त्याने तिथेच फोनवर शोधून खात्री करून घेतली.

सुरी एकदा हरवली. हरण ओढायला दोर बांधताना खाली ठेवली आणि पाचोळ्यात गेली. भगवी होती म्हणून मिळाली. शेजारी एकाची हिरव्या मुठीची आम्ही वीस मिनिटं शोधत होतो, ती अजून तिथेच आहे.

तपासणीचा निकाल काल आला, निगेटिव्ह. आईने पाठवलेलं काळं तिखट आहे, पण हरणाच्या मांसाला चरबी नाही, तेव्हा तेल किती घालायचं ते कळत नाही. बोकडाइतकंच घातलं तर कोरडं होईल का? शनिवारी शिजवणार आहे. डॉक्टर वहिनी, सुरी गॅरेजमध्येच ठेवलीय.

प्रेषक: लष्करातला काका, सोलापूर
३ डिसेंबर

दीडपट तेल, आणि कांदा-खोबरं भाजताना कंजुषी नको. मांडीचं असेल तर फार शिजवू नकोस, चामडं होतं. खांद्याचं असेल तर कुकर.

पाऊण तास ठीक आहे. माझा पहिला दीड तासाचा होता, आणि तो मी खाटकाचा पोरगा असून.