भाव पाडून प्रतिस्पर्धी बुडवणे: लेखनात दिसते तितके सरळ असते का?

बंदरकाठ: तमिळ स्वातंत्र्यसैनिक चिदंबरम पिल्लै यांच्या स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन या जहाज कंपनीविषयीच्या लेखांत एक प्रसंग हमखास येतो. १९०६ साली दक्षिणेतल्या तुतिकोरीन बंदरात ही कंपनी उभी राहिली, तेव्हा ब्रिटिश कंपनीने कोलंबोचे तिकीट एका रुपयावर आणले, स्वदेशीने आठ आणे केले, आणि मग समोरून फुकट प्रवास व वर एक छत्री देऊ करण्यात आली. छत्रीचे वर्णन सगळेच रंगवून करतात. फुकटच्या त्या फेऱ्यांचा कोळसा आणि खलाशांचा पगार कशातून भागला, हे मात्र माझ्या वाचनात आले नाही. कंपनी खरोखर भाव पाडल्यामुळे बुडाली का?

शाईदौत: छत्रीपाशी गोष्ट संपवणारे लेखक सरकारचा हात झाकून टाकतात, असे मला वाटते. मार्च १९०८ मध्ये पिल्लै यांना अटक झाली आणि पुढे राजद्रोहाची जबर शिक्षा झाली. चालवणारा माणूसच तुरुंगात गेल्यावर कंपनी १९११ पर्यंत गुंडाळली गेली.

जमाखर्च: जमशेटजी टाटांचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. १८९३ च्या सुमारास मुंबईहून जपानकडे कापूस नेण्याचे भाडे टनाला १९ रुपये होते. टाटांनी निप्पॉन युसेन कैशा या जपानी जहाज कंपनीला सोबत घेऊन ते १२ रुपयांवर आणले, तेव्हा पी. अँड ओ. ही ब्रिटिश जहाज कंपनी थेट दीड-दोन रुपयांपर्यंत उतरली. शिवाय या दोघांकडे माल देणार नाही असे कबूल करणाऱ्या व्यापाऱ्यांना तिने खास सूट देऊ केली. चरित्रकार बलाढ्य कंपनीविरुद्ध एकटा वीर असे चित्र काढतात, आणि ज्या मुंबईकर व्यापाऱ्यांसाठी हा खटाटोप चालला होता तेच स्वस्त भाडे पाहून पलीकडे गेले, ही गोष्ट एका वाक्यात उरकतात. माझ्या मते खरी कथा तिथेच आहे.

किराणाभुसार: हे वाचून राहवले नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोठे दुकान आले, तेव्हा तिथे साखर आमच्या खरेदीच्या भावापेक्षा किलोमागे दोन रुपयांनी स्वस्त होती. तूरडाळीचा भाव मात्र आमच्यापेक्षा चढा होता, पण पिशवी एकदा तिथे टेकली की यादी तिथेच पूर्ण होते. वीस वर्षे आमच्या उधारीच्या वहीत असलेली माणसे मान खाली घालून दुकानावरून जात, आणि महिनाअखेरीला हात आखडला की परत येत. मला त्यांचा राग आला नाही.