माल्टा बेट: सासू-सासरे आणि दहा वर्षांचा मुलगा सोबत आहे, काय बघावं?

मेहरूणकाठ (जळगाव)

राम राम मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत माल्टाला जायचं ठरतंय. मिस्टरांचे एक मित्र तिकडे नोकरीला आहेत, ते बरेच दिवस बोलावताहेत. सोबत सासू-सासरे आणि मुलगा. सासरे रेल्वेतून रिटायर झालेत, चालायला अजून खणखणीत. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे, जिने फार चढवत नाहीत. घरात सगळे शाकाहारी, सासूबाई अंड्याचा केकसुद्धा खात नाहीत.

हातात सात दिवस आहेत. ट्रॅव्हलवाल्याने कार्यक्रम पाठवलाय त्यात रोज चार-पाच ठिकाणं आहेत. गोझो नावाचं बेट सकाळी जाऊन संध्याकाळी परत, आणि एक अख्खा दिवस बोटीने ब्लू लगून. पोहता आमच्यात कुणालाच येत नाही. हा कार्यक्रम तसाच ठेवू का? सासूबाईंची ही पहिलीच परदेशवारी आहे, त्यांना दमवायचं नाहीये. कुणी जाऊन आलं असेल तर मनापासून सांगा.

केळीबाग_रावेर

ताई, ब्लू लगून काढून टाका. माझा पुतण्या जुलैत गेला होता. पाणी निळंशार, त्यात वाद नाही, पण ते आहे त्या कोमिनो बेटावर सावलीला झाड नाही आणि गर्दी आपल्या यात्रेसारखी. पोहणाऱ्यांची जागा आहे ती. नोव्हेंबरात वारा सुटला तर छोट्या बोटी रद्दही होतात.

व्हिसाचं आधी बघा. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा लागतो, त्यासाठी किमान 30,000 युरोचा प्रवास विमा हवा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. दिवाळीच्या तोंडावर मुंबईची अपॉइंटमेंट मिळणं अवघड जातं, पावसाळ्यातच उरकून घ्या.

पांझराकाठ (धुळे)

ताई, मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त. लेक माल्टात नर्स आहे, गुढीपाडव्यानंतर तिच्याकडे जाऊन राहिलो होतो. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी बेटाचा आकार लक्षात घ्या. माल्टा, गोझो आणि कोमिनो मिळून सगळा देश 316 चौरस किलोमीटरचा. आपला एकेक तालुका त्याहून मोठा आहे. मुख्य बेटाची लांबी 27 किलोमीटरच्या आसपास. ट्रॅव्हलवाले म्हणूनच एका दिवसात पाच ठिकाणं कोंबतात. पण रस्ते अरुंद, गाड्या फार, आणि बसमध्येच दिवस जातो. रोज सकाळी एक मोठं ठिकाण, दुपारी विश्रांती, संध्याकाळी समुद्राकाठी बसणं, एवढंच ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात. नोव्हेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, हे कार्यक्रमात धरलेलं दिसत नाही.

गोझो एका दिवसात करू नका. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे. तिथे किमान दोन रात्री राहा. चिर्केव्वा बंदरातून फेरी पंचवीस मिनिटांत पलीकडे नेते. शेतं, दगडी बांध, चर्चचे घुमट, आणि रस्त्यावर शांतता. सासूबाईंना हे बेट मानवेल. तिथे शारा गावात जगंतियाची मंदिरं आहेत. इसवी सनापूर्वी 3600 च्या सुमारास बांधायला सुरुवात झाली, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही कितीतरी आधी. काही दगड पाच मीटरहून लांब आहेत, आणि त्या माणसांकडे धातूचं हत्यार नव्हतं. तुमच्या मुलाला तिथली दंतकथा सांगा: एक राक्षसीण शेंगा आणि मध खाऊन हे दगड डोक्यावर वाहून आणायची. मी त्या भिंतीसमोर बराच वेळ उभा होतो. आयुष्यभर बंधाऱ्यांचे दगड बसवून घेतले, पण एवढा दगड चाकाशिवाय, क्रेनशिवाय हलवायचा आणि जागेवर असा चपखल बसवायचा, याने मला खरोखर हात जोडायला लावले. जागा बरीचशी सपाट आहे, चालायला फलाट केलेत.

गोझोवरच श्वेयनीची मिठागरं आहेत, किनाऱ्याच्या खडकात कोरलेली चौकोनी वाफ्यांची रांग. मीठ उन्हाळ्यात काढतात, तुम्ही जाल तेव्हा वाफे पाण्याने भरलेले असतील, तरी बघाच. दुएयराला ‘अझूर विंडो’ ही दगडी कमान अजून जुन्या फोटोंत दाखवतात. ती 8 मार्च 2017 ला वादळात कोसळली. तुमच्या कार्यक्रमात तिचा फोटो असेल तर त्या ट्रॅव्हलवाल्याला जरूर विचारा. तिथलं आतल्या बाजूचं छोटं खारं तळं मात्र शाबूत आहे.

आता पाण्याबद्दल लिहितो, कारण मला तेच सगळ्यात भावलं. या देशात बारमाही नदी एकही नाही. पावसाचं पाणी आणि विहिरी यांवरच लोक जगले. घरांची छपरं आपल्या धाब्याच्या घरांसारखी सपाट, आणि छपरावरचं पाणी घराखाली खडकात कोरलेल्या टाक्यात जातं. राजधानीचं व्हॅलेटा शहर वसवताना प्रत्येक घराला टाकं असलंच पाहिजे असा दंडक होता. 1615 साली राबातकडच्या झऱ्यांचं पाणी व्हॅलेटापर्यंत आणणारा कालवा पूर्ण झाला. त्याच्या दगडी कमानी आजही मुख्य रस्त्याच्या कडेने दिसतात. बसने जाताना सासऱ्यांना खिडकीपाशी बसवा. आज निम्म्याहून जास्त पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून मिळतं. पांझरा नदीच्या फडांवर, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या शेतांवर, शेकडो वर्षं पाळीने पाणी वाटून घेणाऱ्या मुलखातून गेलेल्या माणसाला हे बघताना भरून येतं.

आणि एक ठिकाण आत्ताच बुक करा: पाओला गावातलं हायपोजियम, म्हणजे जमिनीखालची प्राचीन दफनभूमी. 1902 मध्ये घरांसाठी पाण्याची टाकी खोदताना मजुरांना ते सापडलं. जमिनीखाली तीन मजले, सगळं खडकात कोरलेलं, सुमारे 7,000 माणसांच्या अस्थी तिथे होत्या असा अंदाज आहे. दिवसाला फक्त 80 जणांना सोडतात, कारण माणसांच्या श्वासाने आतली हवा बिघडून भिंतींवरची लाल रंगाची चित्रं खराब होतात. तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. आत फोटो काढू देत नाहीत. सहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, तुमच्या मुलाला मिळेल. तिथे सापडलेली झोपलेल्या बाईची मातीची मूर्ती व्हॅलेटाच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तळहातावर मावेल एवढीच आहे, पण कोपऱ्यात ठेवलीय म्हणून चुकवू नका.

व्हॅलेटाला पायऱ्या पुष्कळ. 1565 चा तुर्कांचा वेढा परतवल्यावर 1566 मध्ये शहराचा पाया घातला, तोही टेकाडावर. सासूबाईंसाठी बंदराकडून वरच्या बाराक्का बागेपर्यंत लिफ्ट आहे, 58 मीटर उंच, तीच वापरा. बागेखाली दुपारी बारा वाजता तोफ उडवतात, मुलगा खूश होईल. सेंट जॉन को-कॅथेड्रल या मोठ्या चर्चमध्ये इटालियन चित्रकार कॅरव्हाज्जोचं 1608 मधलं भलंमोठं चित्र आहे, त्याने सही केलेलं एकमेव. रविवारी पर्यटकांना आत सोडत नाहीत. जमिनीवर सुमारे 400 संगमरवरी थडगी आहेत, टोकदार टाचांची चप्पल चालत नाही.

एमदिना या जुन्या गावाला संध्याकाळी जा. तटबंदीच्या आत गाड्या जवळजवळ नाहीतच. जाताना वाटेत मोस्ताचं चर्च लागतं. 9 एप्रिल 1942 ला भर प्रार्थनेत घुमट फोडून बॉम्ब आत पडला आणि फुटला नाही. आत अडीचशेच्या वर माणसं होती.

नंदुरबारची_लेक

जेवणाचं मी सांगते, मी तिथे शिकायला होते. पास्तिझी नावाची पापुद्र्याची पॅटिस कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, एक रिकोटा चीजची, एक वाटाण्याची. वाटाण्याचीच घ्या, पण काही ठिकाणी पापुद्र्यात डुकराची चरबी वापरतात, म्हणून आधी विचारा. विचारायला अडचण नाही, इंग्रजी सगळ्यांना येतं. बिगिल्ला म्हणजे वाळवलेल्या, घेवड्याच्या जातीच्या बियांची लसूण घातलेली चटणी, पावाला लावून खातात, सासूबाईंना चालेल. टोमॅटो लावलेला पाव मागताना ‘ट्यूना नको’ म्हणावं लागतं, नाहीतर मासा असतोच. गोझोचं बकरीच्या दुधाचं चीज छान, पण ते जमवायला बऱ्याचदा जनावराच्या पोटातलं रेनेट वापरतात, कडक पाळणाऱ्यांनी टाळावं.

राहायला स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घ्या. तुरीची डाळ, तांदूळ भारतीय दुकानांत मिळतात, तिथे आपले लोक पुष्कळ आहेत. शेंगदाण्याची चटणी आणि कोरडा मसाला मात्र घरून न्या. प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो, इंग्लंडसारखा, त्याचा अडॅप्टर घ्या.

मेहरूणकाठ (जळगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं वाचून सासऱ्यांनी वही काढलीय. ब्लू लगून रद्द, गोझोला दोन रात्री नक्की. हायपोजियममध्ये सासूबाईंना जमेल का? आणि पावसाचं काय?

पांझराकाठ (धुळे)

आत जिने आहेत, उजेड मंद, बसायला जागा नाही. त्यांना वर थांबवा, किंवा त्या वेळेत तुम्ही त्यांच्यासोबत व्हॅलेटाच्या बागेत बसा आणि सासरे, मुलगा, वडील असे तिघे जाऊन यावेत. तुम्हाला स्वतःला बघायचं असेल तर दोन वेगळ्या वेळांची तिकिटं घ्या. तिकीट मात्र विमानाच्या आधी बघा, आणि त्या तारखेभोवती बाकीचे दिवस बसवा.

नोव्हेंबरात पाऊस येतो, पण आपल्यासारखी झड लागत नाही. जोरदार सर येते आणि बऱ्याचदा ऊन पडतं. वारा मात्र बोचतो. सासूबाईंना कानटोपी आणि मागे पट्टा असलेले, न घसरणारे बूट घ्या. तिथला चुनखडीचा दगड पायांनी घासून गुळगुळीत झालाय आणि ओला झाला की फार निसरडा होतो. साडी नेसणार असतील तर थोडी उंच नेसायला सांगा.